सेंट्रोमिर्मेक्स : वाळवीच्या वारुळातल्या बिनडोळ्यांच्या मुंग्या (ओळख, शोध, निरीक्षण)

भूमिगत

वारुळातल्या मुंग्यांबद्दल इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी लिहिलं गेलंय. सेंट्रोमिर्मेक्स या एका प्रजातीबद्दलची (genus; एका प्रजातीत अनेक जाती येतात) माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

पोनेरिनी उपकुळातली ही प्रजाती कीटकतज्ज्ञ मायर यांनी १८६६ साली मांडली. आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि मध्य-दक्षिण अमेरिका या तिन्ही उष्ण पट्ट्यांत तिच्या जाती सापडतात. आशियातली सगळ्यात परिचित जात सेंट्रोमिर्मेक्स फीई. एमरी यांनी १८८९ मध्ये ब्रह्मदेशातल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, तेही स्पॅलॅकोमिर्मेक्स या वेगळ्या प्रजातीनावाखाली. ते नाव पुढे सेंट्रोमिर्मेक्समध्ये विलीन झालं. आफ्रिकेत बेक्वेर्टी आणि सेलॅरिस, तर अमेरिकेत ब्रॅकिकोला, अल्फारोई आणि गिगास या जाती आहेत. अमेरिकी जातींचा आढावा केम्फ यांनी १९६०च्या दशकात घेतला. आफ्रिकी जातींची फेरमांडणी बोल्टन आणि फिशर यांनी २००८ मध्ये केली.

कामकरी मुंगीला डोळे अजिबात नसतात. रंग पिवळसर ते तांबूस तपकिरी, कवच पातळ, पाय आखूड आणि जाड, जबडे त्रिकोणी. कंबरेला एकच गाठ असते आणि नांगी चांगली काम करते. पण खरी खूण मधल्या पायांवर आहे. नडगीच्या आणि तिच्या पुढच्या पहिल्या खंडाच्या बाहेरच्या बाजूला आखूड, जाड, खुंटीसारखे काटे असतात. केस नव्हे, काटे. वाळवीच्या अरुंद बोगद्यात पुढे-मागे सरकताना या काट्यांची पकड भिंतीवर बसते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मुंगी वारुळात मिळाली एवढ्यावरून ‘वाळवीभक्षक’ अशी नोंद करू नका. वारूळ ही तयार, दमट, वर्षभर बऱ्यापैकी सम तापमानाची जागा असते आणि तिथे फुकटात राहणाऱ्या मुंग्या ढिगाने असतात. ओळख पायावरून पटवा आणि आहार भक्ष्यावरून.

सूक्ष्मदर्शी

धागा उत्तम. ओळखीच्या भागात भर घालतो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

क्रिप्टोपोन या दुसऱ्या पोनेरिनी प्रजातीच्या मधल्या पायांवरही असेच जाड काटे असतात. तीही पिवळसर, मातीत आणि कुजक्या लाकडात राहणारी, डोळे नसलेली किंवा जेमतेम ठिपक्याएवढे असलेली. म्हणजे ‘पिवळी, आंधळी, पायावर काटे’ एवढ्या तीन खुणांवर सेंट्रोमिर्मेक्स ठरवलं तर बरेच नमुने चुकतील. जबड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, बुडाजवळ पाहा. क्रिप्टोपोनला तिथे छोटा गोल खड्डा असतो, सेंट्रोमिर्मेक्सला नसतो. हा खड्डा काही जातींत पुसट असतो आणि मातीने भरला की दिसतच नाही. म्हणून नमुना आधी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने साफ करा, पूर्ण कोरडा होऊ द्या आणि प्रकाश एका बाजूने तिरका टाका. अल्कोहोलचा पातळ थर अंगावर असताना पृष्ठभाग चकाकतो आणि उथळ खड्डे त्यात नाहीसे होतात.

दुसरी उपयोगी खूण धडाच्या मागच्या भागावरच्या श्वासरंध्राची. सेंट्रोमिर्मेक्समध्ये ते बाजूला बरंच वर आणि पुढे सरकलेलं असतं. बाजूने काढलेल्या स्वच्छ फोटोत ते सहज दिसतं, म्हणून पाय नीट दिसत नसलेल्या फोटोंवर मी आधी तिथे नजर टाकतो.

भिंग ४० पटीचं तरी हवं. १० पटीच्या हातभिंगाने मोठ्या कामकऱ्यांचे काटे जाणवतात, लहानांचे नाहीत.

वारूळवाचक

वर म्हटलंय तसा घोळ डोरायलस या दुसऱ्या मुंगीबरोबरही होतो, विशेषतः शेतात. डोरायलसच्या कामकरीही आंधळ्या, पिवळसर-तपकिरी, जमिनीखालच्या आणि एका गाठीच्या कंबरेच्या. त्या दोन ठिकाणी पाहून वेगळ्या काढता येतात.

डोकं समोरून पाहिलं की डोरायलसमध्ये स्पर्शिकांची खाच उघडी दिसते. सेंट्रोमिर्मेक्समध्ये कपाळाच्या पाळ्या त्या खाचेवर झाकणासारख्या येतात. आणि पोटाचं टोक वरून पाहिलं की डोरायलसच्या शेवटच्या पाठपट्टीवर (पाठीकडच्या कवचाच्या पट्टीवर) दबलेला चपटा भाग आणि कडेला काटे असतात. सेंट्रोमिर्मेक्समध्ये तसं काही नसतं.

एनिक्टस आणि कॅरेबारा या मुंग्यांच्या कंबरेला दोन गाठी असतात, तिथे प्रश्नच उरत नाही.

नवीन_निरीक्षक

फारच उपयोगी. दोन प्रश्न आहेत.
१. एकाच ठिकाणी मोठ्या आणि लहान कामकरी मिळाल्या तर त्या दोन जाती समजायच्या का?
२. दिव्यावर येणाऱ्या पंखवाल्या मुंगीला डोळे आहेत. मग ती सेंट्रोमिर्मेक्स असू शकते का?

सूक्ष्मदर्शी

१. लगेच नाही. एकाच वसाहतीत कामकऱ्यांच्या आकारात फरक असतो, बेक्वेर्टीमध्ये तर तो ठळक आहे. आधी डोक्याची रुंदी आणि स्पर्शिकेच्या पहिल्या लांब खंडाची लांबी मोजून आलेखावर मांडा. लहान ते मोठे असे बिंदू एकाच रेषेत सलग येत असतील तर एकच जात धरा. मध्ये मोकळी जागा असेल आणि पृष्ठभागावरचे ठिपके, केस, गाठीचा आकार यांतही फरक असेल तरच वेगळ्या जातीचा विचार करा. नळीत एकाच वसाहतीचे लहान-मोठे सगळे नमुने असावे लागतात ते याचसाठी. अनेकदा फक्त मोठ्या उचलल्या जातात, आणि मग दुसऱ्या ठिकाणच्या लहान कामकरी पाहून नवीन जात सापडल्याचा भास होतो.

२. असू शकते. डोळे नसतात ते कामकऱ्यांना. पंख असलेल्या राण्या आणि नर यांना डोळे असतात, त्यांना जमिनीबाहेर येऊन उडायचं असतं. राणीची ओळख पायांवरून आणि जबड्यांवरून करता येते. एकट्या नरावरून जात ठरवायचा हट्ट करू नका. कामकऱ्यांबरोबर एकाच घरट्यातून मिळालेला नर असेल तरच त्याला खात्रीचं नाव देता येतं.

भूमिगत

आता शोधायचं कसं ते. जमिनीवरचे खड्डेसापळे (तोंड जमिनीच्या पातळीत ठेवून पुरलेले पेले) या मुंग्यांसाठी जवळपास निरुपयोगी, कारण त्या वर येतच नाहीत. मासा, तेल, साखर यांची आमिषं पुरली तर फीडोल आणि सोलेनॉप्सिस या इतर मुंग्यांच्या झुंडी येतात. वाळवीवर जगणारी मुंगी अशा आमिषाकडे फिरकत नाही. उरतात तीन मार्ग.

*वारूळ थरांनी उघडणं.* कुदळीने एकदम फोडू नका. सगळी माती मिसळते आणि मुंगी कुठल्या कप्प्यातली होती हे कायमचं हरवतं. बाहेरची जाड भिंत, आतला वसतीचा भाग, वाळवी बुरशी वाढवते त्या बागांचे कप्पे आणि जमिनीखालचा पाया असे थर वेगळे करा. प्रत्येक थराचे मुठीएवढे ढेकळे पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन हाताने मोडा. पाया सोडू नका. बहुतेक जण जमिनीच्या पातळीवर थांबतात आणि नेमक्या याच मुंग्या त्याखाली राहून जातात. वाळवी उघडी पडलेली तोंडं काही मिनिटांत मातीने बुजवायला लागते, म्हणून एक थर पूर्ण तपासूनच पुढचा उघडा. राणीचा कप्पा अखंड ठेवा आणि काढलेली माती परत लावा. संपूर्ण वारूळ उद्ध्वस्त करण्याची गरज क्वचितच पडते. बाजूने एक पाचर काढली तरी सगळे थर मिळतात.

*मातीचा ठोकळा.* २५ × २५ सेंमी, ३० सेंमी खोल. १०-१० सेंमीचे तीन थर कापून हाताने वेचायचे. मातीतल्या प्राण्यांसाठी हे माप सर्रास वापरतात, त्यामुळे आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडता येतात.

*वाळवीचंच आमिष.* भोकं पाडलेल्या नळीत ओला नालीदार पुठ्ठा भरून २० ते ३० सेंमी खोल पुरायचा. आधी वाळवी येते, ती स्थिरावली की तिच्या मागावरच्या मुंग्या येण्याची शक्यता असते. नळीभोवतीची माती घट्ट दाबा. फट राहिली तर ती पृष्ठभागावरच्या मुंग्यांचा जिना होते, आणि मग ज्या जाती खोलवर जातच नाहीत त्या खोलीच्या यादीत येतात. पुठ्ठा सुकला की वाळवी नळी सोडून जाते, म्हणून कोरड्या दिवसांत वरून पाणी घालण्यासाठी बारीक नळी आधीच बसवून ठेवा.

चाळणी

विंकलर पिशवीबद्दल (चाळलेला पाचोळा टांगून सुकवायची, म्हणजे त्यातले किडे खाली पडतात) कोणी विचारण्याआधीच लिहितो. पालापाचोळ्यासाठी ती अप्रतिम आहे, या प्रजातीसाठी दुय्यम. एक तर चाळताना पातळ कवचाच्या मुंग्या चिरडल्या जातात. दुसरं, खोलच्या मातीतल्या मुंग्या माती सुकायला लागली की ढेकळाच्या मध्यभागी सरकतात आणि तिथेच मरतात.

त्यापेक्षा बर्लेसी नरसाळं (वर दिवा, खाली किडे गोळा करायचं भांडं) वापरा आणि मातीचा गड्डा न मोडता उलटा ठेवा, म्हणजे वरची बाजू खाली. जमिनीची नैसर्गिक भोकं वरच्या थरात मोठी आणि मोकळी असतात, तीच वाट बाहेर पडायला मिळते. दिवा पहिल्या दिवशी लांब ठेवून हळूहळू जवळ आणा. सुरुवातीलाच कडक उष्णता दिली की गड्ड्याची वरची बाजू भाजते आणि सगळं आतच सुकतं.

शेतमाती

वाळवी खाणारी मुंगी म्हटल्यावर साहजिक प्रश्न : पिकातल्या किंवा घरातल्या वाळवीवर उपाय म्हणून या मुंग्या सोडता येतील का?

वारूळवाचक

नाही, आणि का नाही ते नीट समजून घ्यायला हवं.

सेंट्रोमिर्मेक्स वाळवीच्या वसाहतीला लागून किंवा तिच्या आतच घर करते आणि तिच्यातूनच थोडं थोडं भक्ष्य उचलते. मोठं वारूळ बांधणाऱ्या वाळवीच्या एका वसाहतीत लाखो जीव असू शकतात आणि राणी रोज हजारोंनी अंडी घालते. त्यापुढे या मुंग्यांची संख्या नगण्य. वाळवीची वसाहत संपली तर मुंगीचंही अन्न संपलं, त्यामुळे वाळवी साफ करणं हे तिच्या जगण्याच्या रीतीत बसतच नाही.

शिवाय वसाहत उचलून दुसरीकडे लावताना राणी, अळ्या आणि दमटपणा तिन्ही शाबूत राहावे लागतात. पातळ कवचाची मुंगी उघड्या, कोरड्या मातीवर टिकत नाही. आणि एका जागची मुंगी दुसऱ्या जागी नेऊन सोडणं हा तसाही धोक्याचा खेळ, स्थानिक जातींवर त्याचे परिणाम आधी कळत नाहीत.

शेतात करण्यासारखं एक आहे : बांधावरची, पिकाला त्रास न देणारी वारुळं सरसकट विष ओतून संपवू नका. वाळवी खाणाऱ्या मुंग्यांना आसरा तिथेच असतो.

माग

मेगापोनेरा या मुंगीशी तुलना इथे करावीशी वाटते, कारण ‘वाळवीभक्षक मुंगी’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच येते. आफ्रिकेतली मेगापोनेरा अनालिस बाहेर राहते. टेहळणी करणारी मुंगी वाळवीची चरण्याची जागा हेरते, परत जाते, शेकडो कामकऱ्यांची रांग घेऊन येते आणि भक्ष्य तोंडात धरून सगळ्या माघारी फिरतात. लढाईत जखमी झालेल्या सोबतिणींना उचलून घरट्यात नेतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. आकाराने मोठ्या, डोळे असलेल्या, उघड्यावर दिसणाऱ्या, त्यामुळे त्यांच्या वागण्याचा अभ्यास भरपूर झाला.

सेंट्रोमिर्मेक्समध्ये ही रांग नाही. घर आणि शिकारीची जागा जवळजवळ एकच. बेक्वेर्टीच्या शिकारीचा अभ्यास देजाँ आणि फेनेरॉं यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, वाळवीच्या वारुळात राहून तिचीच शिकार करणारी मुंगी म्हणून. नांगी मारून भक्ष्य लुळं करायचं आणि बोगद्यातून ओढून न्यायचं. अरुंद बोगद्यात वाळवीचे सैनिक एका वेळी एक-दोनच पुढे येऊ शकतात, त्यामुळे त्यांच्या संख्येचा फायदा उरत नाही. उघड्या मैदानावर हीच मुंगी सैनिकांच्या घोळक्यात सापडली तर तिचं पातळ कवच फार काळ टिकणार नाही. आखूड पाय, काटे, डोळे नसणं हे सगळं या बंदिस्त जागेच्या संदर्भात पाहिलं की अर्थ लागतो.

भूमिगत

@माग, नेमकं. आणि तिसरी तऱ्हा कॅरेबाराची. बारीक कामकरी वारुळाच्या भिंतीत इतके अरुंद बोगदे करतात की वाळवीला त्यात शिरताच येत नाही, आणि त्या वाळवीची पिल्लं पळवतात. तीन प्रजाती, एकच भक्ष्य, तीन वेगळे मार्ग. आपल्या नोंदीत मात्र तिघींसमोर ‘वाळवीभक्षक’ एवढा एकच शब्द असतो.

नवीन_निरीक्षक

मग आहार सिद्ध कसा करायचा? मुंगीच्या तोंडात वाळवी दिसली तर पुरे का?

माग

तोंडात जिवंत किंवा लुळी पडलेली वाळवी, आणि मुंगी ती घरट्याकडे नेतेय, हा चांगला पुरावा. मेलेली सुकी वाळवी असेल तर नाही. वारूळ उघडताना फावड्याने मेलेली वाळवी कुठलीही मुंगी उचलते. फोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत दिसलेलं आणि त्यानंतर दिसलेलं वेगळं लिहा.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे मुंगीच्या घरट्याच्या कप्प्यात, अळ्यांच्या आसपास वाळवीची डोकी आणि पाय पडलेले मिळणं. वाळवीच्या सैनिकाचं कडक डोकं बराच काळ टिकतं, त्यावरून वाळवीची प्रजातीही कळते. हा कचरा बारीक चिमट्याने वेगळ्या नळीत भरा. लोक मुंग्या गोळा करतात आणि कचरा झटकून टाकतात, तेवढं कृपया करू नका.

समस्थानिक

नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) आहार ठरवायचा असेल तर एक सापळा आहे. शिकारी प्राण्यात जड नायट्रोजनचं प्रमाण त्याच्या भक्ष्यापेक्षा जास्त असतं, हा नेहमीचा आधार. पण वाळवी सगळी सारखी नाही. लाकूड खाणाऱ्या वाळवीत हे प्रमाण कमी असतं, माती खाणाऱ्या वाळवीत जास्त. त्यामुळे माती खाणारी वाळवी खाल्लेली मुंगी आकड्यांवरून ‘शिकाऱ्यांची शिकारी’ वाटू शकते आणि लाकूड खाणारी वाळवी खाल्लेली मुंगी चक्क वनस्पतीरसावर जगणारी वाटू शकते. त्याच वारुळातली वाळवी आणि तिथलीच माती सोबत मोजली नाही तर मुंगीच्या आकड्याला काही अर्थ नाही.

पोटाचा भाग वेगळा काढून डोकं, धड आणि पाय मोजा, पोटात न पचलेलं अन्न असतं. अल्कोहोलमुळे कार्बनच्या आकड्यात फरक पडतो. शक्य तर नमुने गोठवा किंवा कमी तापमानावर सुकवा.

आणि पोटातल्या अन्नाचा डीएनए पाहायचा असेल तर मुंगी आणि वाळवी एकाच नळीत कधीही टाकू नका. अल्कोहोलमधून वाळवीचा डीएनए मुंगीच्या अंगावर बसतो आणि मग प्रत्येक मुंगी वाळवीभक्षक निघते.

संग्राहक

जतनाबद्दल.

डीएनए हवा असेल तर ९५% इथेनॉल. नळीत मातीचा गाळ असेल तर पहिलं इथेनॉल दुसऱ्या दिवशी बदला, नाहीतर ओल्या मातीने ते पातळ होतं. या प्रमाणात नमुना कडक होतो आणि पाय हलवताना तुटतात. म्हणून एकाच वसाहतीतले काही नमुने ७० ते ७५ टक्क्यांत वेगळे ठेवा, ते ओळखीसाठी.

टाचणीवर लावताना कागदी त्रिकोणाचं टोक मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडांमध्ये चिकटवतात, ती पद्धत ठीकच आहे. पण इथे ओळखीची खूणच मधल्या पायावर आहे. डिंक जास्त झाला की तो नडगीवर चढतो आणि काटे त्यात बुडतात. त्यावर उपाय : डिंकाचा थेंब टाचणीच्या टोकाने घ्या, लावण्याआधी मधले पाय मऊ ब्रशने बाहेर ताणून घ्या आणि मागे पांढरा कागद धरून काटे दिसतात का ते डिंक ओला असतानाच तपासा. सोबत एक जबडे उघडलेला नमुना ठेवा. जबडे बंद असतील तर दात मोजता येत नाहीत आणि सुकल्यावर ते उघडायला गेलं की मोडतात.

गिलावा

प्रयोगशाळेत ठेवायचं असेल तर प्लास्टरचं घरटं चांगलं. बोगदे ५ ते ८ मिमी खोल, मुंगीच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा रुंद नकोत. मोठ्या मोकळ्या कप्प्यात त्या सैरभैर फिरत राहतात आणि अळ्या एका जागी ठेवत नाहीत. प्लास्टरचं एक टोक ओलं आणि दुसरं थोडं कोरडं ठेवा, म्हणजे त्या स्वतः जागा निवडतात. सगळं घरटं सारखंच ओलं केलं की बुरशी अळ्यांवर चढते. तापमान २५ ते २७ अंश.

‘डोळे नाहीत, मग कितीही उजेड चालेल’ असं धरू नका. दिव्याची उष्णता काचेखालची हवा काही वेळात कोरडी करते आणि पातळ कवचाची मुंगी आधी त्याने मरते. थंड प्रकाशाचा दिवा, तोही पाहण्यापुरता.

अन्न म्हणून वाळवी देताना तिच्या बोगद्यातली थोडी माती सोबत द्या. सुरुवातीला फक्त कामकरी वाळवी द्या, मोठे सैनिक नकोत. उरलेलं भक्ष्य २४ तासांत काढा. तसंच ठेवलं तर माइट्स (बारीक कोळीवर्गीय किडे) होतात आणि त्या एकदा आल्या की वसाहत वाचवणं कठीण. वाळवी सगळा वेळ एकाच वारुळातली देऊ नका, नाहीतर मुंगी ती प्रजाती निवडते की तिला दुसरं काही मिळालंच नाही, हे कळणार नाही.

माग

वरच्याला जोडून : निवडीचा प्रयोग करताना वाळवीसोबत इतर मऊ भक्ष्यही ठेवा, जसं की लहान नाकतोड्याची पिल्लं, स्प्रिंगटेल, छोट्या अळ्या. जिवंत आणि मेलेलं वेगळं मोजा. उपाशी ठेवलेली मुंगी बंदिस्त जागेत मेलेला कुठलाही किडा चाटते, त्यावरून तिचा निसर्गातला आहार ठरत नाही. आणि भक्ष्य बोगद्यात घाला, उघड्या बशीत नको. उघड्या बशीत शिकारीची पद्धतच बदलते.

नवीन_निरीक्षक

शेवटचा प्रश्न. नोंदीच्या चिठ्ठीवर नेमकं काय काय असावं?

संग्राहक

ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव हे सगळ्यांसाठी असतंच. सेंट्रोमिर्मेक्ससाठी त्यात हे वाढवा : जमिनीखाली किती सेंमी, वारुळाचा कुठला थर, वारूळ वसतं होतं की सोडलेलं, वाळवीची प्रजाती आणि तिच्या नमुन्याच्या नळीचा क्रमांक, मुंगीच्या अळ्या किंवा कोष सोबत होते का. एकट्या भटक्या कामकरीपेक्षा अळ्यांसह मिळालेला गट फार मोलाचा, कारण ती तिथे राहत होती हे त्यावरून ठरतं.

सोडलेल्या वारुळात मिळाली असेल तर तेही ठळक लिहा. आफ्रिकेत क्युबिटर्मिस या वाळवीची सोडलेली वारुळं कितीतरी प्रकारच्या मुंग्या घर म्हणून वापरतात, त्यांतल्या अनेकींचा वाळवीशी काही संबंध नसतो. चिठ्ठी पेन्सिलीने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने लिहून नळीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवरची साधी शाई इथेनॉलचा एक थेंब लागला तरी फिसकटते.